निवृत्तीनंतरचे घर : घरपट्टीचा हिशेब आणि राहणीचा विचार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



सांगली-कोल्हापूरकडील आपल्या समाजातील अनेक कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झाली. त्या पिढीतील मंडळी आता निवृत्त होत आहेत. शहरातील सदनिका ठेवावी की गावाकडील वडिलोपार्जित घरी परतावे, हा प्रश्न आज घराघरांतून चर्चिला जात आहे. या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : “शहरात कर परवडत नाही, गावी घरपट्टी नाममात्र आहे.” हे वाक्य कितपत खरे आहे, एवढ्यापुरताच आज विचार करू.

मुंबईपासून आरंभ करू. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. म्हणजे परिसराचा बाजारभाव चढला की कराचा पायाही चढतो. परंतु ५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून हा कर पूर्णतः माफ आहे. तेव्हा लहान सदनिकेत आयुष्य काढलेल्या दांपत्याने मालमत्ता कराच्या भीतीने मुंबई सोडण्याचे कारण उरत नाही. त्यांना जाचतो तो सोसायटीचा मासिक देखभाल खर्च; आणि तो कर नव्हे.

पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरास करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत मिळते. ही सवलत मध्यंतरी काढून घेण्यात आली होती. २०२३ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा लागू केली. मात्र ती स्वतःच्या वापरातील घरासाठी आहे. सदनिका भाड्याने देऊन गावी जाणाऱ्याने भाड्याच्या उत्पन्नातून वाढीव कर वजा करूनच हिशेब मांडावा.

गावात ग्रामपंचायतीची घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी मिळून रक्कम लहान असते, हे खरे. परंतु गाव कायम गावच राहील, याची हमी कोणी द्यावी? पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. आपल्या इचलकरंजीची नगरपालिका २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. शहराच्या वेशीवर स्वस्त घरपट्टी पाहून घर घेणाऱ्याने पुढील पंधरा-वीस वर्षांचा विचार करावा. शिवाय महानगरपालिकेचा कर थकला तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. बंद घराचे देयक कोणाच्या हाती पडते, कोण भरते, हे आधीच ठरविले पाहिजे.

आता एक साधा हिशेब करू. समजा, शहरातील सदनिकेचा वार्षिक कर १८,००० रुपये आणि गावच्या घराचा ३,००० रुपये आहे. फरक १५,००० रुपयांचा. म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. एवढ्या रकमेत कौलारू घराची दरवर्षीची शाकारणी होते का? महिन्यातून दोनदा डॉक्टरांकडे जाण्यासाठी भाड्याची गाडी येते का? घरकामास बाई मिळते का? उत्तर बहुधा नकारार्थी येईल. घरपट्टी हा निर्णयाचा एक आकडा आहे. संपूर्ण निर्णय तिच्यावर सोपविता येत नाही.

गावाच्या बाजूनेही पुष्कळ सांगण्यासारखे आहे. सकाळी चालत बस्तीत जाता येते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची घराची शिस्त शहरातील धावपळीत मोडते, ती गावी सहज सांभाळली जाते. नावाने हाक मारणारी माणसे असतात. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांस ऑगस्ट २०२२ पासून एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे, तर ६५ ते ७५ वयोगटास निम्म्या भाड्याची सवलत आहे. मिरजेसारखे वैद्यकीय सोयींसाठी ख्यातनाम शहर शिरोळ तालुक्यातील कित्येक गावांपासून जवळ आहे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेली मुले सकाळी मुंबईहून भेटीस येऊ शकतात.

पण याच भागातील एक गोष्ट विसरून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेने आपली गावे पाण्याखाली घातली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. नदीकाठच्या जुन्या वाड्याची घरपट्टी कितीही अल्प असली, तरी सत्तरीतील दांपत्याने मध्यरात्री पाण्यातून बाहेर कसे पडावे, याचे उत्तर त्या पावतीवर लिहिलेले नसते. घर दुरुस्त करण्यापूर्वी या तिन्ही पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बोलण्यास कठीण आहे. घर निवडताना आपण दोघांचा विचार करतो. वस्तुतः दोघांपैकी एक जण मागे राहणार आहे, आणि बहुतेक वेळा ती माऊली असते. पुण्याच्या व्यवहारास सरावलेली, पण सासरच्या गावी केवळ सणावारी आलेली स्त्री तेथे एकटी राहू शकेल काय? किंवा गावात रमलेल्या गृहस्थास नवव्या मजल्यावर दिवस काढता येतील काय? मागे राहणाऱ्यास जे घर झेपेल, तेच दोघांसाठी योग्य घर होय. म्हणून या निर्णयात गृहिणीचे मत शेवटी विचारण्याचा प्रघात सोडावा. ते प्रथम विचारावे.

घराची कागदपत्रेही स्वच्छ असावीत. गावठाणातील घराची ग्रामपंचायतीतील नोंद अनेकदा आजोबांच्याच नावावर असते. ती आपल्या नावे करून घ्यावी. पत्नीचे नावही लावावे. मुलांस बक्षीसपत्र करून देताना सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट न पाळल्यास हस्तांतर रद्द करून घेता येते. अट लिहिणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे.

“दोन्ही घरे ठेवू,” असे काही जण म्हणतात. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र आणि वास्तू यांची मर्यादा मुद्दाम सांगितली आहे. दोन घरे म्हणजे दोन कर, दोन दुरुस्त्या आणि दोन कुलुपांची काळजी. हातपाय थकत असताना हा भार स्वेच्छेने कमी करणे, हे व्रतही आहे आणि शहाणपणही.

तथापि घाईने काही विकू नये. साधुसाध्वी चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर राहतात. आपणही निर्णयापूर्वी एक चातुर्मास गावी राहून पाहावा. पावसात रस्ता कसा असतो, वीज किती वेळ जाते, औषधे मिळतात की नाही आणि संध्याकाळी बोलायला कोण येते, हे चार महिन्यांत कळेल. दिवाळीस मुले घरी आली की सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा आणि मगच विक्रीचा किंवा दुरुस्तीचा व्यवहार करावा.