सोने जमिनीत, भाव बाजारात



जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नव्हे. खानदेशातील गृहिणी, मग ती धुळ्याची असो वा भुसावळची, कस पाहिल्यावाचून गुंजभर सोने घेत नाही. त्याच घरातील कर्ता पुरुष मात्र सोने शोधणाऱ्या कंपनीचे शेअर ऐकीव वार्तेवर घेऊन मोकळा होतो!

सराफाजवळ सोने असते. खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपनीजवळ असतात परवाना, नकाशे आणि आशा. विक्री नाही, नफा नाही; मग भाव ठरावा कशावर? घेणाऱ्यांच्या गर्दीवर. बाजारात फिरणारे शेअर थोडे असले, की मूठभर उत्साही मंडळीही वरचे सर्किट लावतात. उत्साह ओसरला, की खालच्या सर्किटला गिऱ्हाईक सापडत नाही.

इथवर बहुतेकांस ठाऊक असते. हाच भाव खाणीचे भवितव्यही ठरवितो, हे मात्र ध्यानी येत नाही. अशा शोधकार्यास बँका सहसा कर्ज देत नाहीत. भूगर्भात छिद्रे घेण्याचा खर्च नवे शेअर विकूनच भागवावा लागतो. समजा, कंपनीचे १ कोटी शेअर आहेत आणि तिला १० कोटी रुपये हवेत. भाव १०० रुपये असल्यास १० लाख नवे शेअर पुरतात. तोच १० रुपये असल्यास १ कोटी काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा निम्मा होतो. जमिनीतले सोने मात्र तेवढेच!

कोलारची खाण २००१ साली बंद झाली. त्यानंतर मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सने कर्नाटकात गणजूर येथे शोध घेतला. पण खाणपट्टा वर्षानुवर्षे हाती आला नाही. २०१५ साली कायद्यात लिलाव आला आणि शोधील त्यालाच पट्टा, ही हमी उरली नाही. आपल्याकडे अशा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याचे एक कारण हे. भागधारकांनी तग धरावा तरी किती?

ऑस्ट्रेलियात पोसायडन कंपनीला १९६९ साली विंडारा येथे निकेल सापडले. डॉलरहून कमी भावाचा शेअर १९७० च्या फेब्रुवारीत २८० डॉलरवर गेला, मग कोसळला. निकेल खोटे नव्हते. पुढे तिथे खाण झालीही. पण गर्दीने मोजलेली किंमत त्या खनिजाला कधीच पेलली नाही. १९७६ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली.