न दुखणारी गाठ
(एका आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित भाग)



कर्करोग म्हटला की माणसाला काही महिन्यांत खिळखिळे करणारा आजार डोळ्यांसमोर येतो. आजचा विषय त्या चित्रात न बसणाऱ्या कर्करोगाचा आहे. लाळग्रंथींत उद्भवणाऱ्या या दुर्मीळ रोगाला वैद्यकशास्त्रात ‘ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ म्हणतात. तो सावकाश वाढतो आणि त्याचा खरा धोका या सावकाशीतच दडलेला आहे.

लाळ स्रवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. याशिवाय टाळू, ओठ, गाल व घसा यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. यांपैकी कोठेही हा रोग होऊ शकतो. टाळू ही त्याची एक नेहमीची जागा. कानापुढच्या ग्रंथीतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरे. परंतु गाठ निरुपद्रवी आहे की नाही, हे बोटांनी चाचपून ठरत नाही. त्यासाठी सुईने पेशी काढून केलेली तपासणी आणि गरजेनुसार बायोप्सी लागते.

‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ हे वाक्य आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. टाळूवरचा उंचवटा कवळी घासल्याने आला, असे समजून वर्ष निघून जाते. या रोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. शिवाय तो मज्जातंतूंच्या कडेकडेने मूळ गाठीपासून दूर सरकतो. म्हणून ओठ, गाल वा जीभ बधिर होणे, मुंग्या येणे, चेहऱ्याची एक बाजू हळूहळू लुळी पडणे, ही लक्षणे क्षुल्लक नव्हेत. चेहऱ्याच्या नेहमीच्या अर्धांगवायूत तोंड दोन-तीन दिवसांत वाकडे होते आणि बहुतेकांचे काही महिन्यांत सुधारते. जो लुळेपणा आठवड्यांमागून आठवडे वाढतच जातो, त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

दुसरा गैरसमज अधिक क्लेशदायक आहे. तोंडाचा कर्करोग म्हणजे तंबाखू, हे समीकरण समाजमनात रुजले आहे. तोंडाच्या इतर कर्करोगांबाबत ते बव्हंशी योग्यच आहे. मात्र या विशिष्ट रोगाचा तंबाखूशी संबंध सिद्ध झालेला नाही. सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या गृहिणीला तो होऊ शकतो. अशा रुग्णाकडे संशयाने पाहणे म्हणजे आजारावर अपमानाची भर घालणे होय.

व्हिएन्नाचे विख्यात शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी १८५०च्या दशकात या रोगाचे वर्णन केले. त्याच्या अनेक गाठींत ‘एमवायबी’ व ‘एनएफआयबी’ ही दोन जनुके परस्परांना जोडली जातात, हे २००९ मध्ये उजेडात आले. तरीही उपचारांचा मुख्य आधार शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बहुधा किरणोपचार हाच आहे. नेहमीच्या केमोथेरपीचा प्रभाव मर्यादित ठरतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कर्करोगात ‘पाच वर्षे पार पडली’ की पेढे वाटण्याची प्रथा आहे. या रोगात पाच वर्षांनी बहुसंख्य रुग्ण हयात असतात. पंधरा-वीस वर्षांनी ते प्रमाण बरेच घसरलेले दिसते. दहा-पंधरा वर्षांच्या शांततेनंतरही तो मूळ जागी वा फुप्फुसांत पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. उलटपक्षी, फुप्फुसांत डाग दिसले म्हणजे सारे संपले, असेही नाही. ते कित्येकदा वर्षानुवर्षे संथ राहतात. अशा वेळी तज्ज्ञ ‘तूर्त लक्ष ठेवू’ म्हणतात, तो हलगर्जीपणा नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. बाहेरगावच्या रुग्णांसाठी त्याच परिसरात नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी सोबतीला दहा जण असतात. बाराव्या वर्षीच्या तपासणीला मात्र रुग्ण एकटाच गाडीत बसतो किंवा जातच नाही. त्याची फाइल, बायोप्सीचा अहवाल आणि जुन्या फिल्म्स जपून ठेवणे, तारखेची आठवण देणे, सोबत जाणे, ही सेवा डोळ्यांत भरणारी नाही. परंतु वीस वर्षे वाट पाहणाऱ्या रोगाशी गाठ असेल, तर वीस वर्षे सोबत करणारी माणसेच हवीत.