प्रगतिपुस्तकावरील सही



प्रगतिपुस्तक घरी येते, पालक सही करतात आणि ते शाळेत परत जाते. त्या सहीने नेमके काय जाणून घेतले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. आकारिक मूल्यमापनाने शिकतानाची वाटचाल पाहावी, संकलित मूल्यमापनाने सत्राअखेरचे फलित तपासावे आणि वर्णनात्मक नोंदींनी त्याचा अर्थ घरापर्यंत पोहोचवावा, ही त्यामागील दृष्टी. परंतु ‘प्रगती समाधानकारक’ ही एकच ओळ साऱ्या वर्गाच्या पुस्तकांत उमटते, तेव्हा त्या नोंदीतला प्राणच हरपतो.

याची किंमत मूल मोजते. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या केवळ 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा पाठ वाचता आला. 2019 च्या कायदादुरुस्तीने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेची तरतूद केली. पण वर्षअखेरीस कळलेली उणीव भरून काढण्यास अवधी थोडाच उरतो.

म्हणून शिक्षकांनी लिहावे : ‘हातच्याची बेरीज जमते, जोडाक्षरे वाचताना अडखळतो.’ अशी नोंद वाचून आईवडिलांना संध्याकाळी काय करावे, ते उमगते. आणि पालकांनी ‘कितवा नंबर आला?’ असे विचारण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवून एक परिच्छेद वाचून घ्यावा. त्यानंतर केलेली सहीच खरी.