नव्या सोसायटीचा नकाशा आधी वाचा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील आपली जुनी घरे हळूहळू रिकामी होत आहेत. वाड्यांचे वाटे पडले, मुलांना गाडी उभी करायला जागा हवी, म्हणून आपली माणसे भायली, सेवासी, बिल, वेमाली या बाजूंना राहायला चालली आहेत. ही गावे २०२० साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यात वाईट काही नाही, शहर वाढणारच. माझा प्रश्न एवढाच आहे की या नव्या वसाहतींचा नकाशा ठरतो, तेव्हा आपण कुठे असतो?

हा नकाशा बिल्डरच्या माहितीपत्रकात ठरत नाही. तो ठरतो टी.पी. स्कीममध्ये. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे एखाद्या भागातील सर्व शेते एकत्र धरून त्यांची नव्याने आखणी करतात आणि मालकाला लहान पण नीट आकाराचा फायनल प्लॉट परत मिळतो. कायद्यात सार्वजनिक कामासाठी घ्यायच्या जमिनीचे प्रमाण दिले आहे: रस्त्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत, बागा व मैदानांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखाना-अग्निशामक केंद्र अशा सोयींसाठी ५ टक्के आणि विकून खर्च भागवण्यासाठी १५ टक्के. म्हणजे ज्याची दहा हजार चौरस मीटर जमीन आहे, त्याच्या हाती साधारण सहा हजार उरते. पुढे बिल्डरचा प्लॉट दोन हजार चौरस मीटरचा किंवा मोठा असेल, तर त्यालाही दहा टक्के जागा कॉमन प्लॉट म्हणून मोकळी ठेवावी लागते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पण शाळेसाठी ठेवलेला प्लॉट कुठे पडला, बाग वस्तीच्या मध्यावर आली की कोपऱ्यातल्या खड्ड्यात, रस्ता पुढे कशाला मिळतो, हे सगळे मसुद्यात ठरते. मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत बाधित व्यक्तीला हरकत घेता येते. तो महिना निघून जातो आणि आपण जागे होतो ते घराचा ताबा मिळाल्यावर, पहिल्या पावसात.

पावसाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. ३१ जुलै २०१९ रोजी आपल्या शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट आहे. दोष एकट्या नदीला देऊन भागणार नाही. भुखी, मासिया, रुपारेल या आपल्या कांसांमधून शहराचे पाणी नदीकडे जाते. कांस अरुंद झाली, तिच्यावर भराव पडला, की पाणी दुसरी वाट शोधते, आणि ती वाट आपल्या दिवाणखान्यातून जाते. बांधकाम नियमावलीत नदीपासून, जिथे तिचे काठ बांधून काढण्याची योजना नाही तिथे, ३० मीटर आणि कांस, नाला, तलाव यांपासून ९ मीटर जागा सोडण्याची अट आहे. नियम आहे, तो पाळला जातो की नाही हे विचारणारा माणूस हवा.

मी बँकेत नोकरी करतो, गृहकर्जाची कागदपत्रे रोज टेबलावरून जातात. म्हणून एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ लोक म्हणतात, ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे सगळे ठीकच असणार.’ बँक आपले कर्ज सुरक्षित आहे का ते पाहते. मालकी स्वच्छ आहे का, मंजुरी आहे का, घराची किंमत किती, एवढे तपासते. त्या गल्लीत पाणी तुंबेल का, मुलांना शाळा जवळ आहे का, हे तपासणे तिचे काम नाही. ते आपले काम आहे.

तेव्हा बानाखतापूर्वी एवढे पाहा. सातबाऱ्यावर जमीन जुन्या शर्तीची की नव्या शर्तीची? नव्या शर्तीची असेल तर परवानगी दाखवा म्हणावे. बिनशेतीचा हुकूम, मंजूर ले-आउट आणि रजाचिठ्ठी मागा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी हवी. प्लॉट विकत असतील तरीही. नोंदणीकृत बानाखत होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. ताबा घेताना बी.यू. परमिशन मागा. ‘नंतर इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घेऊ’ असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरा. २०११ च्या कायद्यातसुद्धा जलमार्गावरचे बांधकाम नियमित होत नव्हते.

हे झाले एकेकट्याचे. पण स्कीमचा नकाशा एकट्याने वाचून होत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजवा तलाव बांधला, तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती. योजना केली ती तीन लाख लोकांसाठी. आज शहर त्याच्या कितीतरी पट झाले आहे. त्या दूरदृष्टीचे गोडवे आपण दर जयंतीला गातो. थोडी नजर आपणही लांब टाकू या.

माझी सूचना अशी. आपल्यात निवृत्त इंजिनिअर आहेत, वकील आहेत, महसूल खात्यात आयुष्य घालवलेली मंडळी आहेत. चार-पाच जणांची समिती नेमावी. ज्या भागात आपली घरे जात आहेत, तिथली मसुदा स्कीम प्रसिद्ध झाली की तिने महिन्याच्या आत ती वाचावी. नकाशे आणि नोटिसा गुजरातीत असतात. आपल्याला ती भाषा परकी नाही. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर, नेमकी अडचण आणि सुचवलेला उपाय लिहावा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. हरकत ज्याला बाधा पोहोचते त्याच्याच नावाने जावी. मंडळाने मजकूर तयार करून द्यावा.

शिवाय मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, तीनच प्रश्न विचारावेत. आमच्या भागातली कांस कुठून कुठे जाते? शाळेचा राखीव प्लॉट कोणता, आणि तो मोकळा आहे का? बाग कधी होणार? उत्तरे मंडळाच्या फलकावर लिहून ठेवावीत आणि वर्षाने पुन्हा वाचावीत.

आपण या शहरात दीडशे-दोनशे वर्षे राहिलो. जुन्या पेठांतल्या ओळखीवर आजवर भागले. नव्या वस्तीत ती ओळख चालणार नाही; तिथे अर्ज चालेल, वेळेवर दिलेला. समितीसाठी नावे आजच सभा संपताना चिटणिसांकडे द्यावीत, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.