आरशावरची वाफ



उद्या सकाळी अंघोळ झाल्यावर एक गोष्ट करून पाहा. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरलेली असते. एक डोळा मिटा, मान स्थिर ठेवा आणि आरशात दिसणाऱ्या तुमच्या चेहऱ्याची कड त्या वाफेवर बोटाने गिरवा. मग त्या आकृतीची उंची वितेने मोजा, आणि त्याच वितेने स्वतःचा चेहरा. आरशावरचा चेहरा बरोबर निम्मा भरेल. दोन पावलं मागे सरून पुन्हा गिरवलात तरी निम्माच. प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर असते जितके आपण आरशापुढे असतो. काच बरोबर मध्यावर येते, म्हणून हे माप कधी बदलत नाही.

कलेचे इतिहासकार गॉम्ब्रिच यांनी ‘आर्ट अँड इल्यूजन’ या १९६० सालच्या पुस्तकात हा प्रयोग सुचवला आहे. आपण रोज दाढी करतो, कुंकू लावतो, भांग पाडतो, आणि जन्मभर हे लक्षात येत नाही. डोळ्यांना निम्मा दिसलेला चेहरा मन पूर्ण मापाचा करून दाखवतं. यात मनाचा दोष नाही. लांबून येणारी एसटी काडेपेटीएवढी दिसते, म्हणून ती तेवढीच आहे असं मानलं तर रस्ता ओलांडणं अवघड होईल. पण हे माहीत असण्याचं ओझं नजरेवर किती असतं, ते अशा खेळांतूनच कळतं.

दुसरा खेळ. आरसा न घेता स्वतःचा चेहरा काढायचा. बहुतेकजण डोळे जिथे काढतात, तिथे खरं तर कपाळ असतं. टाळूपासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजलं तर डोळे जवळजवळ मध्यावर येतात. आत्ता बसल्या जागी बोटांनी चाचपून पाहा, विश्वास बसणार नाही. बोलताना आपण डोळे, नाक, ओठ यांच्याकडे पाहतो. कपाळ आणि डोकं आपल्याशी काही बोलत नाही, म्हणून चित्रात त्याला जागाच मिळत नाही.

हे चित्र काढायला सांगितलं की सभागृहातून हमखास एक वाक्य येतं: ‘मला चित्रकला येत नाही हो.’ साठीतले लोकही हे सांगतात, आणि खोदून विचारलं तर मूळ चौथी-पाचवीच्या वर्गात सापडतं. कुणीतरी वहीकडे बघून हसलेलं असतं. त्या एका हसण्यावर माणूस स्वतःबद्दलचं मत कायमचं ठरवून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी अशाच विद्यार्थ्यांसाठी एक युक्ती वापरली. पिकासोने १९२० साली संगीतकार स्ट्राविन्स्कीचं एक रेखाचित्र काढलं होतं: खुर्चीत बसलेला, चष्मा लावलेला माणूस. ते चित्र त्यांनी उलटं ठेवलं आणि आहे तसंच, उलटंच, उतरवून काढायला सांगितलं. कागद सुलटा केल्यावर विद्यार्थी स्वतःच चकित होत. चित्र उलटं असताना ‘हा हात, हे बोट’ असं म्हणता येत नाही. उरते ती रेष, तिचा कल आणि दोन रेषांमधली जागा. हाताला तेवढंच पुरतं. एडवर्ड्स यांनी १९७९ च्या पुस्तकात मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांवरून याची जी कारणं दिली, ती आजचे अभ्यासक तितक्या सरळपणे मानत नाहीत. युक्तीचा गुण मात्र कुणीही घरी पडताळून पाहावा.

माहीत असण्याचं हेच ओझं बोलण्यावरही असतं; आता तिकडे येतो. तुमच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर टिचक्यांनी वाजवा, आणि समोरच्याला गाणं ओळखायला सांगा. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी हेच करवून घेतलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या कानात अख्खं गाणं, शब्दांसकट, चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक. बँकेच्या खिडकीमागून कुणी ‘केवायसी अपडेट करून आणा’ म्हणतं, आजोबा मान डोलावतात आणि काय आणायचं ते न कळता पायऱ्या उतरतात. तिथेही तेच घडत असतं. वाजवणारा दुष्ट नसतो, त्याला गाणं ऐकू येत असतं.

यावर उपाय काय, याचा शोध लेविट आणि म्यूलर या दोन संशोधकांनी १९५१ साली घेतला. एकाने आयतांची एक रचना शब्दांत सांगायची, बाकीच्यांनी ती न पाहता काढायची. प्रश्न विचारायला बंदी असली की काम लवकर उरकायचं, पण आकृत्या चुकायच्या. प्रश्न विचारू दिले की वेळ जास्त लागायचा, आकृत्या जुळायच्या, आणि सांगणारा व ऐकणारा या दोघांचाही भरवसा वाढायचा. घरात, वर्गात, दवाखान्यात आपण हा वेळ वाचवायला बघतो, आणि मग गैरसमज निस्तरण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतो.

तुमच्या खुर्च्यांवर कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. शेजाऱ्याकडे पाठ करून बसा. एकाने चार आकारांचं एक चित्र काढून ते नुसत्या शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं. पहिल्या चित्राच्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या चित्राच्या वेळी हवे तितके विचारा. झालं की दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. मी खाली तुमच्यात येतो.