तप्त वायूची शुद्धि

दगडी कोळसा खाणींतून एकटा येत नाहीं. गंधक त्याच्या अंगीं मुरलेला असतो. कोळसा सरळ जाळला म्हणजे ह्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, धुराड्यावाटें बाहेर पडतो आणि पुढें आम्ल होऊन पावसाबरोबर शेतांवर व तळ्यांवर उतरतो. उलट, बेताचाच प्राणवायु व वाफ देऊन कोळशाचा जळाऊ वायु केला, तर गंधक बहुतांशीं हायड्रोजन सल्फाइडच्या रूपानें त्यांत मिसळतो. सडक्या अंड्याची घाण येते ती ह्याचीच. हा विषारी वायु धातूंनाहि खातो. म्हणून टर्बाइनच्या पात्यांपर्यंत पोंचण्यापूर्वींच त्याला अडविणें भाग असतें.

रूढ रीत थंड धुलाईची आहे. हजार अंशांहून अधिक तापलेला वायु सुमारें ४० अंशांपर्यंत निववून अमाइन नांवाच्या द्रव्याच्या द्रावणानें धुतात. निघालेल्या उष्णतेची वाफ करून घेतां येते खरी. तरी कांहीं उष्णता हातची जातेच. तापलेलें दूध केवळ गाळण्यासाठीं निववून पुन्हां चुलीवर चढवावें, तसाच हा प्रकार.

मग वायु तप्त असतांनाच गंधक काढतां येईल काय? येथें जस्त उपयोगी पडतें. ४०० ते ६०० अंशांच्या सुमारास झिंक ऑक्साइडच्या कणांवरून वायु नेला कीं जस्त गंधकाला धरून ठेवतें आणि आपला प्राणवायु हायड्रोजनला देतें. त्यांची वाफ होऊन पुढें जाते. भरलेल्या कणांवरून गरम हवा सोडली म्हणजे गंधक पुन्हां सल्फर डायऑक्साइड होतो. पण तो आकाशांत न जातां गंधकाम्ल किंवा शुद्ध गंधक करण्याच्या कामीं येतो, आणि जस्त पूर्ववत् होतें.

अडचण आहे ती कणांच्या आयुष्याची. उष्णता फार वाढली तर जस्ताचा प्राणवायु हिरावला जातो व मोकळें जस्त वाफ होऊन उडतें. टायटॅनियमचें ऑक्साइड मिसळल्यास हें उडणें कमी होतें. परंतु वारंवार गंधक घेऊन व टाकून कण झिजतात आणि त्यांचा भुगा होतो.

ह्या विद्येची परीक्षा अमेरिकेंत झाली. नेव्हाडांतील पिन्यॉन पाइन येथें १९९० नंतरच्या दशकांत तप्त शुद्धीसह उभारलेली योजना स्थिरपणें चाललीच नाहीं. फ्लोरिडांतील पोक वीजघर १९९६ सालीं सुरू झालें तें थंड धुलाईवरच. त्याच ठिकाणीं २०१४ सालीं आर्. टी. आय्. संस्थेनें ५० मेगावॅट विजेस पुरेल इतका वायु जस्ताच्या टिकाऊ कणांवरून नेला, आणि सुमारें ९९.९ टक्के गंधक निघाला.

म्हणजे गंधक धरणें फारसें अवघड नव्हतें; अवघड होतें तें हजारों वेळां धरून सोडूनहि न झिजणें. वीजघराचा जमाखर्च अखेर ह्या मुठीत मावणाऱ्या कणांच्या चिवटपणावर अवलंबून राहतो.