संगणक-क्रीडा मेळाव्याचे संयोजन



नॉर्वे देशात हामार नावाचे एक छोटे शहर आहे. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील शर्यतींसाठी तेथे एक भव्य क्रीडागृह बांधण्यात आले. पालथ्या घातलेल्या प्राचीन जहाजासारखे त्याचे छप्पर दिसते. १९९८ पासून ईस्टरच्या सुटीत या क्रीडागृहात एक आगळा मेळावा भरत आला आहे. हजारो तरुण-तरुणी आपापले संगणक घेऊन येतात, लांबच लांब मेजांवर ते मांडतात, एकाच जाळ्याला जोडतात आणि चार-पाच दिवस एकत्र खेळतात, कार्यक्रम रचतात, चित्रे व संगीत निर्माण करतात. 'द गॅदरिंग' असे या मेळाव्याचे नाव असून त्याचा आरंभ १९९२ मध्ये झाला. तो चालविणारी संस्था नफ्यासाठी नाही. वीज, जाळे, सुरक्षा, स्वच्छता अशी सारी कामे प्रामुख्याने स्वयंसेवकच करतात.

शेजारच्या स्वीडनमध्ये मालुंग या गावातील एका शाळेत १९९४ मध्ये अशाच एका मेळाव्याने बाळसे धरले. पुढे तो 'ड्रीमहॅक' या नावाने इतका वाढला की २००७ मध्ये त्यात दहा हजारांहून अधिक संगणक एकत्र जोडले गेल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. २०१५ मध्ये एका माध्यमसमूहाने तो विकत घेतला. एक मेळावा व्यवसाय झाला, दुसरा सार्वजनिक कार्य राहिला. आपल्याकडील शाळा, ग्रामपंचायती आणि युवक मंडळे यांना उपयोगी पडेल असे जे काही आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेवर सापडते.

अनेकांच्या मनात स्वाभाविक प्रश्न येईल की, आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असताना आणि घरबसल्या परदेशातील खेळाडूशी खेळता येत असताना, संगणक उचलून सभागृहात नेण्याचे प्रयोजन काय? १९९३ च्या अखेरीस 'डूम' हा खेळ आला तेव्हा चौघांना एकत्र खेळायचे तर त्यांचे संगणक सहसा एकाच इमारतीत असावे लागत. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंतून याच पद्धतीने एक पिढी 'काउंटर-स्ट्राइक' खेळली. पुढे ही तांत्रिक गरज ओसरली, आणि २०१० चा 'स्टारक्राफ्ट २' हा खेळ तर स्थानिक जाळ्यावर खेळण्याची सोय वगळूनच बाजारात आला. तरीही हामारचे क्रीडागृह भरत राहिले. घरच्या खोलीत एकट्याने खेळणाऱ्या मुलाला हरल्यावर समोरच्याचा हात हाती घ्यावा लागत नाही. सभागृहात घ्यावा लागतो. पालकांना खेळाची जी धास्ती वाटते ती पुष्कळदा बंद दाराची धास्ती असते. हे दार उघडण्याचे एक साधन म्हणून या मेळाव्याकडे पाहावयास हवे.

नॉर्वेची रीत मात्र जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. तेथे प्रत्येकजण स्वतःचा संगणक आणतो; आपल्या गावांत तसा तो फार थोड्या घरांत आहे. 'आपापला संगणक आणा' असे निमंत्रण दिले तर पंधरावीस सुस्थित मुले येतील आणि बाकीची खिडकीतून पाहत राहतील. यासाठी शाळेची संगणक-प्रयोगशाळा हाच आपल्या मेळाव्याचा पाया असावा. येथे मुख्याध्यापकांची अडचण समजून घेतली पाहिजे. यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली असतात आणि त्यांची जबाबदारी मुख्याध्यापकांच्या सहीवर असते. म्हणून यंत्रे सभागृहात हलविण्यापेक्षा मेळावाच शाळेत न्यावा, प्रत्येक यंत्राचा क्रमांक खेळणाऱ्याच्या नावापुढे लिहावा आणि ज्यांच्याकडे स्वतःचे संगणक आहेत त्यांना शेजारच्या वर्गात जागा द्यावी. जुन्या यंत्रांवर चालणारे, विनामूल्य व मुक्त परवान्याचे खेळ उपलब्ध आहेत. 'सुपरटक्सकार्ट' ही मोटारशर्यत किंवा '०ए.डी.' हा प्राचीन राज्यांचा डावपेची खेळ स्थानिक जाळ्यावर उत्तम खेळता येतो. चोरीच्या प्रती शाळेच्या यंत्रांवर चढविण्याचा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही.

आता विजेकडे वळू, कारण मेळावे बहुधा येथेच कोसळतात. पडद्यासह एका संगणकाला खेळताना सरासरी ४०० वॅट लागतात असे धरले, तर ४० संगणकांना १६ किलोवॅट हवेत. शाळेच्या वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. संयोजकांनी सर्वप्रथम तो आकडा वाचावा. १६ अँपिअरच्या एका मार्गावरून २३० व्होल्टला फार तर ३,६८० वॅट मिळतात, आणि तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी त्यातील चतुर्थांश राखून ठेवणे शहाणपणाचे. म्हणजे एका मार्गावर सहा संगणक, चाळिसांसाठी सात स्वतंत्र मार्ग, आणि ते तिन्ही फेजांवर सारखे वाटलेले. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, अर्थिंग तपासावे आणि आदल्या दिवशी सर्व यंत्रे एकदम चालवून पाहावीत. चहाची विजेची किटली एकटीच दीड-दोन किलोवॅट ओढते. अंतिम सामना ऐन रंगात असताना कोणी ती संगणकांच्या मार्गावर लावली की सहाजणांचे पडदे एकदम काळे पडतात. किटलीला वेगळी खोली द्यावी, हा नियम हास्यास्पद वाटला तरी मोडू नये.

ही सारी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते. एक माणूस बसल्याजागी सुमारे १०० वॅट उष्णता देतो. चाळीस यंत्रे आणि चाळीस माणसे म्हणजे एक किलोवॅटच्या वीस शेगड्या पेटविल्यासारखेच झाले. मे महिन्याच्या सुटीत हा बेत आखण्यात अर्थ नाही. दिवाळीची सुटी किंवा डिसेंबर-जानेवारी योग्य. वीज गेल्यास काय, याचाही विचार आधीच हवा. प्रत्येक संगणकाला यूपीएस परवडत नाही. सर्व्हर आणि स्विच यांना मात्र तो द्यावा, आणि अर्धवट राहिलेला सामना पुन्हा कोठून सुरू करायचा हे नियमपत्रकात लिहून ठेवावे. वाद टळतो.

जाळ्याचे गणित त्या मानाने सोपे असते. तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी, खेळाचा सर्व्हर खोलीतच असावा, आणि इंटरनेटवर शक्य तितके कमी विसंबावे. खेळताना लागणारी माहिती थोडी असते. जाळे गुदमरते ते खेळ उतरवून घेताना. १०० गिगाबाइटचा एक खेळ ५० मेगाबिटच्या जोडणीवरून एका संगणकावर आणण्यास साडेचार तास लागतात. तोच खेळ खोलीतील सर्व्हरवर आधी आणून ठेवला, तर गिगाबिट जाळ्यावरून पाव तासात पोचतो. म्हणून 'मेळाव्यात आल्यावर उतरवून घेऊ' असे म्हणणाऱ्यास प्रेमाने घरी पाठवावे, हे अनुभवी संयोजकांचे मत अगदी रास्त आहे. आणखी दोन अपघात जगभरच्या मेळाव्यांना परिचित आहेत. केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये गेली की संदेश गोल फिरत राहतात आणि साऱ्या जाळ्याची वाचा बसते. कोणी घरचा राउटर आणून जोडला, तर तो इतरांना चुकीचे पत्ते वाटू लागतो. दोन्हींवर उपाय एकच : प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि स्विचला हात लावण्याचा अधिकार दोघांनाच द्यावा.

हे दोघे कोण असावेत? सोळा-सतरा वर्षांची मुलेच असावीत. शिक्षकांनी पाठीशी उभे राहावे, पण किल्ली मुलांच्या हाती द्यावी. गणेशोत्सवात मांडव, वर्गणी, रोषणाई आणि रात्रीचा पहारा सांभाळणारे कार्यकर्ते गावोगाव आहेत. वेळापत्रक, तक्रारनिवारण, प्रथमोपचार, दार यांची वाटणी त्यांना नव्याने शिकवावी लागत नाही. मुली आल्या पाहिजेत असे केवळ म्हणून भागत नाही. संयोजन समितीत मुली असणे, स्वच्छतागृहाची नीट सोय, रात्री आठनंतर घरी पोचविण्याची व्यवस्था, आणि खेळताना अपशब्द वापरणाऱ्यास त्याच क्षणी उठविण्याचा नियम एवढे असेल तरच त्या येतील. पहिल्या वर्षी रात्रभराचा बेत करूच नये. सकाळी नऊ ते सायंकाळी सात पुरेसे आहे. अल्पवयीनांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे, खेळावर छापलेली वयोमर्यादा पाळावी, आणि पालकांना प्रेक्षक म्हणून बोलवावे. ध्वनिक्षेपकाऐवजी प्रत्येकाला कानाचा हेडफोन असला म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. जेवणाची सोय वनभोजनासारखी असावी, डबा घरचा.

पैशाविषयी मात्र संदिग्धता नको. प्रवेशशुल्क खर्चापुरते असावे, हिशेब फलकावर लावावा, आणि सामन्यावर कोणीही पैज लावू नये. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडेला वेगळे, मान्यतेचे स्थान दिले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडेला पदकेही होती. हा भेद गावातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे संयोजकांचे काम आहे; 'संगणकावरचा जुगार' या एका शब्दावर सभागृहाची परवानगी नाकारली जाऊ शकते.

शेवटचे दोन तास आवराआवरीसाठी राखून ठेवावेत आणि ते पत्रिकेतच छापावेत. केबली कोपराला गुंडाळल्या तर आतून पिळवटतात. सैल वेटोळी करून बांधाव्यात. यंत्रांचे क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहावेत, बाके जागच्या जागी लावावीत, फळा पुसावा, आणि ज्या मुलाने सकाळी किल्ली घेतली त्यानेच ती मुख्याध्यापकांच्या हाती परत द्यावी.